रस्टची लायब्ररी पायथनमधून, जावामधून, कुठूनही: दोन भाषांमधला इंटरफेस कसा बांधायचा

थोडासा मोठा कुठलाही प्रोजेक्ट उघडून पाहा, त्यात एकच भाषा सापडणं कठीण. मोबाइल ॲप कोटलिन किंवा स्विफ्टमध्ये असतं आणि त्याच्या खाली सीमध्ये लिहिलेलं एसक्यूलाइट हे डेटाबेस चालत असतं. पायथनमधली वैज्ञानिक गणितं बऱ्याचदा लापॅक या रेषीय बीजगणिताच्या लायब्ररीपर्यंत पोहोचतात, आणि लापॅक मुळात फोरट्रानमधलं. टाइपस्क्रिप्टमध्ये बांधलेला एडिटर गो किंवा रस्टमधल्या लँग्वेज सर्व्हरला (कोड तपासणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामला) विचारून चुका अधोरेखित करतो.

यातल्या कुठल्याही जोडीत परक्या भाषेतलं फंक्शन कॉल करणं हे अर्ध्या तासाचं काम असतं. खरा वेळ जातो तो पुढच्या प्रश्नांवर: ही मेमरी कुणी सोडायची? चूक झाली तर कशी कळवायची? स्ट्रिंगची लांबी कशात मोजायची? इंटरफेस बांधणं म्हणजे या प्रश्नांची उत्तरं आधीच ठरवून ती फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये (नाव, आर्ग्युमेंट्स आणि परतीचा प्रकार) दिसतील अशी मांडणं.

उदाहरण एकच घेऊ. रस्टमध्ये एक शब्दकोश-लायब्ररी आहे: फाइल उघडते, शब्द शोधते, अर्थ परत देते. ती पायथनमधून वापरायची आहे, उद्या जावामधूनही लागेल.

आधी ठरवा: एकच प्रोसेस की दोन?

एक मार्ग असा, की लायब्ररी थेट पायथनच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामच्याच मेमरीत, लोड करायची. कॉलचा खर्च नॅनोसेकंदांत ते फार तर काही मायक्रोसेकंद, आणि मोठा बफर कॉपी न करता नुसता पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देता येतो. पण लायब्ररीने चुकीच्या पत्त्यावर लिहिलं, तर सगळा प्रोसेस कोसळतो. चूक कुठे झाली हे सांगणारा नेहमीचा ट्रेसबॅकही मिळत नाही, "सेगमेंटेशन फॉल्ट" एवढे दोन शब्द हाती येतात.

दुसऱ्या मार्गात दोन प्रोसेस असतात आणि त्यांच्यामध्ये पाइप किंवा सॉकेट. प्रत्येक कॉलला डेटा बाइट्समध्ये बांधावा लागतो आणि पलीकडे सोडवावा लागतो, त्यामुळे खर्च कित्येक पटींनी वाढतो. मात्र एक प्रोसेस पडला तरी दुसरा उभा राहतो, आणि दोघांना स्वतंत्रपणे अपडेट करता येतं.

माझं मत विचाराल तर शंका असेल तेव्हा दुसराच मार्ग घ्या. पहिल्याची गरज पडते अशा जागा मोजक्या आहेत: सेकंदाला लाखो छोटे कॉल, ऑडिओ किंवा चित्रांसारखे मोठे बफर, किंवा वेगळा प्रोसेस चालवूच देत नाही असं वातावरण. "वेग हवा" हे कारण मोजून पाहिल्याशिवाय मान्य करू नका. तरीही पुढचा बराचसा मजकूर पहिल्या मार्गाबद्दलच आहे, कारण तिथल्या चुका आवाज न करता होतात.

सीचा वेश चढवा

रस्ट आणि पायथन एकमेकांना ओळखत नाहीत, पण दोघांनाही सीची पद्धत कळते. सी इथे भाषा म्हणून नाही, एबीआय म्हणून कामाला येते: आर्ग्युमेंट कुठल्या रजिस्टरमध्ये ठेवायचं, उत्तर कुठून उचलायचं, स्ट्रक्टमधली फील्ड्स मेमरीत कशी लागतात, याचे नियम. ६४-बिट इंटेल आणि एएमडी प्रोसेसरवर लिनक्स आणि मॅक पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट्स आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ या रजिस्टरांत ठेवतात. विंडोज फक्त चार वापरतं आणि सुरुवात आरसीएक्सपासून करतं. हे पाठ करायचं नाही, कंपायलर पाहून घेतो. पण "सीसारखं वाग" हे त्याला सांगावं लागतं.

रस्टमध्ये त्यासाठी तीन गोष्टी लागतात. कार्गोच्या (रस्टच्या बिल्ड साधनाच्या) फाइलमध्ये क्रेटचा, म्हणजे आपल्या लायब्ररीचा, प्रकार "सीडायलिब" करा. फंक्शनच्या आधी "एक्स्टर्न सी" लिहा. आणि "नो-मँगल" हे ॲट्रिब्यूट लावा. रस्टच्या २०२४ एडिशनपासून ते "अनसेफ"च्या कंसात लिहावं लागतं. शेवटची गोष्ट विसरली की लायब्ररी विनातक्रार बिल्ड होते, पण पायथनला फंक्शन सापडत नाही. कारण कंपायलर नावात जास्तीची माहिती कोंबून ते बदलतो. सी++मध्ये हे उघड दिसतं: दोन पूर्णांक घेणारं "ॲड" नावाचं फंक्शन जीसीसी कंपायलरखाली "अंडरस्कोर-झेड-३-ॲड-आय-आय" होतं. ३ म्हणजे नावातली अक्षरं, दोन आय म्हणजे दोन इंटीजर. सी++मध्येही उपाय तोच, "एक्स्टर्न सी".

बिल्ड झाल्यावर पायथनकडे वळण्याआधी एक मिनिट थांबा आणि लायब्ररीतून कोणती नावं बाहेर पडली आहेत ते पाहा. लिनक्सवर "एनएम" कमांडला मोठा डी हा पर्याय देऊन दिसतं, विंडोजवर "डम्पबिन"ला एक्स्पोर्ट्स हा पर्याय देऊन. यादीत तुमची चार-पाच नावं असावीत. पन्नास दिसत असतील तर दरवाजा फार रुंद ठेवला आहे. आणि हो, लिनक्स आणि मॅकवर फाइलच्या नावाआधी "लिब" लागतं, विंडोजवर लागत नाही. फाइल सापडत नाही म्हणून तासभर घालवण्याचं हे सर्वांत सामान्य कारण असावं.

प्रकार निवडताना कंजूष राहा

सीमधला "लाँग" ६४-बिट लिनक्सवर ८ बाइट्सचा आहे आणि ६४-बिट विंडोजवर ४ बाइट्सचा. तुमच्या मशीनवर सगळं चालेल, दुसऱ्याच्या मशीनवर मोठे आकडे कापले जातील. म्हणून इंटरफेसमध्ये "लाँग" वापरूच नका. ज्यांची रुंदी नावातच आहे ते प्रकार वापरा, इंट-३२, इंट-६४ वगैरे. बुलियनचीही हीच गत: सीचा बूल साधारणपणे १ बाइटचा, विंडोज एपीआयमधला मोठ्या अक्षरांतला बूल ४ बाइट्सचा. मी सरळ इंट-३२मध्ये ० किंवा १ पाठवतो.

स्ट्रक्ट पाठवायचं असेल तर फील्डचा क्रमही इंटरफेसचा भाग होतो. कॅरॅक्टर, मग डबल, मग पुन्हा कॅरॅक्टर असं स्ट्रक्ट ६४-बिट मशीनवर २४ बाइट्स घेतं, कारण डबल ८च्या पटीतल्या पत्त्यावर बसतो आणि मधल्या जागा रिकाम्या सोडल्या जातात. डबल आधी घेऊन दोन्ही कॅरॅक्टर मागे टाकले की तेच १६ बाइट्समध्ये मावतं. रस्ट तर स्वतःच्या सोयीने फील्ड्स मागेपुढे करू शकतं, त्याला "रेप्र सी" सांगून रोखावं लागतं. एक युक्ती नेहमी उपयोगी पडते: लायब्ररीतून स्ट्रक्टचा आकार परत देणारं एक छोटं फंक्शन बाहेर ठेवा, आणि पायथन सुरू होताना तो आकडा आपल्या बाजूच्या आकाराशी ताडून पाहा. जुळला नाही तर तिथल्या तिथे थांबायचं.

शक्य असेल तिथे स्ट्रक्ट पाठवूच नका. आत काय आहे हे बाहेर न दाखवणारा पॉइंटर द्या, त्याला हँडल म्हणतात. आपल्या शब्दकोशाला तीनच फंक्शन्स पुरतात: "कोश-उघड" हँडल देतं, "कोश-शोध" हँडल आणि शब्द घेतं, "कोश-बंद" हँडल घेऊन सगळं आवरतं. आतली रचना उद्या पूर्ण बदलली तरी पायथनला पत्ता लागत नाही.

स्ट्रिंग: इथे घाई नको

"मराठी" हा शब्द घ्या. पायथनला लांबी विचारा, ५ मिळेल: म, र, काना, ठ, वेलांटी. जावाही ५ सांगेल. रस्ट १५ सांगेल, कारण तो यूटीएफ-८चे (अक्षरं बाइट्समध्ये लिहिण्याच्या एका पद्धतीचे) बाइट्स मोजतो आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे ३ बाइट्सचं असतं. आता एक इमोजी घ्या: पायथन १ म्हणतो, जावा २ म्हणतो, रस्ट ४. (एकाच कोडपॉइंटचा, म्हणजे युनिकोडमधल्या एकाच क्रमांकाचा, इमोजी धरला आहे. कुटुंबाचा वगैरे घेतलात तर आकडे आणखी फुगतात.) सगळे बरोबर आहेत, प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजतो आहे. इंग्रजी मजकुरावर चाचण्या घेतल्या तर हा फरक कधीच दिसत नाही, कारण तिथे तिघांचाही आकडा एकच येतो. चाचणीतला पहिला शब्द देवनागरीत ठेवा.

त्यामुळे सिग्नेचरमध्ये दोन गोष्टी लिहून टाका: एन्कोडिंग यूटीएफ-८, आणि लांबी बाइट्समध्ये. पायथनकडून आधी एन्कोड करून घ्या आणि त्या बाइट्सची लांबी पाठवा, मूळ स्ट्रिंगची नाही. सीच्या पद्धतीने शेवटी शून्य-बाइट ठेवून लांबी टाळता येते, पण मजकुरातच शून्य-बाइट आला तर उरलेलं सगळं गायब होतं. पॉइंटर आणि लांबी ही जोडी जास्त भरवशाची. जेएनआयमधून (जावा आणि सी जोडण्याच्या जुन्या मार्गाने) जाणार असाल तर आणखी एक सूचना: तिथलं यूटीएफ-८ "सुधारित" आहे. शून्याचं चिन्ह ते दोन बाइट्समध्ये लिहितं आणि इमोजी सहा बाइट्समध्ये. रस्ट असा इमोजी अवैध म्हणून नाकारेल.

मेमरी: ज्याने घेतली त्यानेच सोडायची

हा एकच नियम पाळला तरी निम्मे अपघात टळतात. रस्टने घेतलेली मेमरी सीच्या "फ्री"ने सोडायची नाही, कारण दोघांचा ॲलोकेटर (मेमरी वाटून देणारा भाग) एकच असेल याची हमी नाही. विंडोजवर तर दोन डीएलएल वेगवेगळ्या सी रनटाइमला जोडलेल्या असल्या तर दोघींचा हीप, म्हणजे जिथून मेमरी वाटली जाते तो साठा, वेगळा असतो. दोन्ही बाजूंना सीच असूनही हीप बिघडतो. म्हणून लायब्ररीने स्ट्रिंग परत दिली, तर ती सोडायचं फंक्शनही लायब्ररीनेच द्यायचं. आपल्या यादीत चौथं नाव आलं: "कोश-मजकूर-सोड".

एसक्यूलाइटचा इंटरफेस या बाबतीत वाचण्यासारखा आहे. क्वेरीत मजकूर भरणाऱ्या "बाइंड-टेक्स्ट" फंक्शनचं शेवटचं आर्ग्युमेंट मालकीबद्दलच असतं. "स्टॅटिक" दिलं तर अर्थ असा, की ही मेमरी जागेवरच राहील, कॉपी करू नकोस. "ट्रान्झियंट" दिलं तर लगेच कॉपी करून घे. किंवा एखादं फंक्शन द्यायचं, काम झाल्यावर एसक्यूलाइट ते बोलावून मेमरी सोडतं. कुणाची मेमरी, किती वेळ, हा प्रश्न तिथे दस्तऐवजातल्या तळटीपेत ढकललेला नाही. उत्तर दिल्याशिवाय कॉलच करता येत नाही.

आता पायथनची बाजू. "सीटाइप्स" हे सीची फंक्शन्स कॉल करणारं मॉड्यूल पायथन २.५पासून सोबत येतं. त्यात दोन सापळे आहेत, आणि दोन्ही नेमके आपल्या उदाहरणात बसतात.

पहिला: परतीचा प्रकार सांगितला नाही तर सीटाइप्स तो सीचा "इंट" धरतं. "कोश-उघड" ६४ बिटांचा पत्ता देतं, पायथनकडे त्यातले खालचे ३२ बिट पोहोचतात. पत्ता योगायोगाने छोटा असला तर चालून जातं, नसला तर पुढच्या कॉलला प्रोसेस कोसळतो. पाठवतानाही तेच: आर्ग्युमेंटचे प्रकार दिले नाहीत तर साधा पायथन पूर्णांक "इंट" म्हणूनच जातो. तेव्हा प्रत्येक फंक्शनसाठी "आर्गटाइप्स" आणि "रेसटाइप" दोन्ही लिहा, अपवाद न करता.

दुसरा सापळा जास्त लबाड आहे. अर्थाचा मजकूर परत येतो म्हणून रेसटाइप "सी-कॅर-पी" ठेवावासा वाटतो. तसं केलं की सीटाइप्स मजकूर कॉपी करून बाइट्स हातात देतं आणि मूळ पॉइंटर फेकून देतं. आता सोडणार काय? मेमरी दर शोधाला गळत राहते आणि कुठेही चूक दिसत नाही. तिथे "सी-व्हॉइड-पी" ठेवा, "स्ट्रिंग-ॲट"ने मजकूर वाचा, मग तोच पॉइंटर "कोश-मजकूर-सोड"ला परत द्या.

हे सगळं एका पायथन क्लासच्या आत झाका. हँडल बंद झालं की व्हेरिएबल "नन" करा, म्हणजे दुसऱ्यांदा बंद करण्याची वेळ येणार नाही. उघडणं आणि बंद करणं "विथ" ब्लॉकमधून करा. गार्बेज कलेक्टर योग्य वेळी, योग्य क्रमाने येईल यावर विसंबू नका. हा प्रश्न इतका खरा आहे, की ऑब्जेक्ट कुठल्या क्रमाने मरतील हे सांगता न येणाऱ्या भाषांसाठी एसक्यूलाइटने बंद करण्याचं "क्लोज-व्ही-२" हे निराळं फंक्शन ठेवलं आहे.

चुका आकड्यांत सांगा

एक्सेप्शन भाषेची हद्द ओलांडत नाहीत. रस्टमध्ये पॅनिक (काम अर्धवट थांबवणारी चूक) झालं आणि ते सीच्या फंक्शनमधून बाहेर पडू लागलं, तर १.८१ आवृत्तीपासून प्रोसेस तिथेच बंद केला जातो. पायथनमधला वापरकर्ता मात्र एका चुकीच्या शब्दावरून सगळा प्रोग्राम गमावतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फंक्शनचं अंग पॅनिक अडवणाऱ्या "कॅच-अनवाइंड"मध्ये गुंडाळा आणि बाहेर फक्त आकडा द्या: ० म्हणजे ठीक, बाकी प्रत्येक आकड्याचा एक ठरलेला अर्थ. खरं उत्तर, म्हणजे आतापर्यंत थेट परत येणारं हँडल किंवा मजकूर, मग आउट-पॅरामीटरमधून, म्हणजे कॉल करणाऱ्याने दिलेल्या पत्त्यावर लिहायचं.

"शब्द सापडला नाही" आणि "फाइल खराब आहे" यांना एकच आकडा देऊ नका. पहिली नेहमीची परिस्थिती आहे, दुसरी चूक आहे; पायथनच्या क्लासमध्ये पहिल्यासाठी "नन" आणि दुसऱ्यासाठी एक्सेप्शन असा तर्जुमा होईल.

थ्रेड आणि कॉलबॅक

पायथनच्या लोकांना जीआयएलची सवय असते: एका वेळी एकच थ्रेड पायथन कोड चालवतो, मग काळजी कशाची? पण सीटाइप्सचं नेहमीचं "सीडीएलएल" कॉलच्या काळात जीआयएल सोडून देतं. दोन थ्रेड एकाच हँडलवर एकाच क्षणी शोध घेऊ शकतात. आतली कॅशे लॉकशिवाय बदलत असेल तर गोंधळ ठरलेला. हँडल अनेक थ्रेड वापरू शकतात की नाही, हे पहिल्याच आवृत्तीत लिहून टाका.

कॉलबॅक, म्हणजे लायब्ररीने उलट बोलवायचं आपलं फंक्शन, शक्यतो टाळा. टाळता आलाच नाही तर पायथनमध्ये तयार केलेलं कॉलबॅक-ऑब्जेक्ट स्वतःकडे जपून ठेवा, कारण लायब्ररीकडे असलेला पॉइंटर पायथनच्या हिशेबात धरला जात नाही. गोमध्ये तर नियमच आहे: कॉल संपल्यावर सीने गोचा पॉइंटर स्वतःजवळ ठेवायचा नाही; ठेवायचाच असेल तर तो आधी "पिन" केलेला असावा लागतो.

जावासाठी काय बदलतं?

लायब्ररीत काहीच नाही, आणि हाच या खटाटोपाचा फायदा. पूर्वी जेएनआयसाठी जावाच्या पॅकेज आणि क्लासच्या नावांनी भरलेली फंक्शन्स लिहून मध्ये सीचा एक थर घालावा लागे. मार्च २०२४मध्ये आलेल्या जावा २२पासून फॉरिन फंक्शन अँड मेमरी एपीआय कायम झाला आहे. सीचं कुठलंही फंक्शन जावामधूनच बांधता येतं, आणि "जेएक्स्ट्रॅक्ट" हे साधन हेडर फाइल (सी फंक्शन्सच्या सिग्नेचरची यादी) वाचून बरंचसं कोड स्वतःच लिहितं. मेमरी "अरेना"त घेतली जाते, ब्लॉक संपला की सुटते. पण रस्टने दिलेला मजकूर अरेना सोडत नाही. त्यासाठी आपलं चौथं फंक्शनच.

फंक्शन्स पंधरा-वीसच्या पुढे गेली की हाताने बाइंडिंग (दोन भाषा जोडणारा कोड) लिहू नका. रस्टकडून सीचं हेडर "सीबाइंडजेन" काढून देतं. फक्त पायथनच हवं असेल तर "पायओ३" बराच त्रास वाचवतं, मात्र मग तो इंटरफेस पायथनपुरताच राहतो.

दोन प्रोसेस असतील तर

मेमरीचे प्रश्न इथे सुटतात, अर्थाचे उरतात. जेसनमध्ये ९००७१९९२५४७४०९९३ हा आयडी पाठवा, जावास्क्रिप्ट तो वाचून शेवटचा ३ बदलून २ करेल, कारण त्याचे साधे आकडे डबल असतात आणि २चा ५३वा घात ओलांडला की प्रत्येक पूर्णांक त्यांत मावत नाही. मोठे आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवा. स्ट्रिंगच्या लांबीचा वादही संपत नाही: मायक्रोसॉफ्टने २०१६मध्ये मांडलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये ओळीतली जागा मुळात यूटीएफ-१६मध्ये मोजली जाते, आणि ३.१७ आवृत्तीत दोन्ही बाजूंना एन्कोडिंग ठरवून घेण्याची सोय द्यावी लागली.

पाइपवरून बोलणारा सर्व्हर लिहिताना डीबगिंगचा प्रिंट स्टँडर्ड आउटपुटवर टाकू नका. तो संदेशांच्या मधे घुसतो आणि पलीकडचा पार्सर भलत्याच जागी रडतो. लॉग स्टँडर्ड एररवर.

प्रोटोकॉल बफर्स (संदेश बाइट्समध्ये बांधण्याची एक पद्धत) घेतले तर संदेशांची रचना सांगणारी स्कीमा फाइल हाच इंटरफेस, आणि वायरवर फील्डचं नाव जात नाही, क्रमांक जातो. १ ते १५ हे क्रमांक टॅगसाठी एकच बाइट घेतात, ते नेहमी लागणाऱ्या फील्डसाठी राखा. फील्ड काढून टाकलं तर त्याचा क्रमांक "रिझर्व्ह्ड" करा. नव्या फील्डला तोच दिला तर जुना क्लायंट नवा डेटा जुन्या अर्थाने वाचेल. जीआरपीसीवर (दुसऱ्या प्रोसेसमधलं फंक्शन कॉल करण्याच्या व्यवस्थेवर) प्रत्येक कॉलला डेडलाइन द्या, आपोआप कुठलीही लागत नाही. मोठे संदेश पाठवणार असाल तर येणाऱ्या संदेशाची मर्यादा मुळात ४ एमबी आहे हेही पाहून ठेवा.

आवृत्त्या

बाहेर गेलेल्या फंक्शनचं सिग्नेचर बदलायचं नाही. नवं आर्ग्युमेंट हवं तर नव्या नावाचं फंक्शन द्या, जुनं तसंच चालू ठेवा. एसक्यूलाइटमधली "ओपन-व्ही-२", "प्रिपेअर-व्ही-२" ही नावं अशीच आली. दिसायला गबाळं दिसतं, पण सिग्नेचर बदललेलं सीच्या लोडरला कळतच नाही. नाव सापडलं की तो खूश. आर्ग्युमेंट तीन आहेत की चार हे तो तपासत नाही. सोबत इंटरफेसचा क्रमांक परत देणारं एक फंक्शन ठेवा आणि लोड झाल्याबरोबर तो तपासा.

अडलं तर कुठे पाहायचं

"अनडिफाइन्ड सिम्बॉल" किंवा जावाचं "अनसॅटिस्फाइड लिंक एरर" आलं तर आधी एक्स्पोर्टची यादी पाहा, मग अवलंबित लायब्ररी. लिनक्सवर त्यासाठी "एलडीडी" आहे. विंडोजवर १९३ क्रमांकाची चूक बहुधा ३२ आणि ६४-बिट यांची सरमिसळ. जीलिबसीची (लिनक्सवरच्या सी लायब्ररीची) आवृत्ती सापडत नाही असा संदेश असेल तर लायब्ररी नव्या लिनक्सवर बिल्ड होऊन जुन्यावर गेली आहे. सर्वांत जुन्या लक्ष्यावर बिल्ड करा.

आणि प्रोसेस कोसळतो, पण दर वेळी वेगळ्याच जागी? जिथे पडला तिथे कारण शोधू नका, मेमरी आधीच कुठेतरी बिघडलेली असते. लायब्ररी मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावून बिल्ड करा, किंवा रस्टच्या चाचण्या बाजूला ठेवून त्याच चार फंक्शन्सना कॉल करणारा पन्नास ओळींचा सी प्रोग्राम लिहा आणि तो व्हॅलग्राइंड या तशाच साधनाखाली चालवा. तिथे स्वच्छ निघाला तर बिघाड पायथनच्या बाजूला आहे, आणि बहुतेक वेळा तो कुठल्यातरी न लिहिलेल्या आर्गटाइप्समध्ये सापडतो.